कोपरे पाहा, काकू

जेवायला तो नेहमी कोपऱ्यात बसायचा, पाठ भिंतीला टेकवून. ताट समोर, पाण्याचा गडवा ताटाच्या बरोबर पुढे. गडवा मी बाजूला ठेवला की काही न बोलता उचलून मधे आणायचा. पहिल्या आठवड्यातच माझी खात्री झाली की हा माणूस कुणाच्या तरी भीतीने पळून आला आहे आणि मी त्याला घरात घेऊन बसले आहे.

अमरावतीत माझं लहानसं घर आहे. खाली मी एकटी राहते, वरची खोली भाड्याने देते. मुलगा पुण्यात असतो. तोपर्यंत मी कॉलेजच्या मुलीच ठेवत होते. त्या वर्षी मुली मिळाल्या नाहीत म्हणून याला ठेवलं. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, धंदा फोटो काढण्याचा. जेवण माझ्याकडे. तो मला काकू म्हणायचा, मी त्याला भाऊ.

त्याच्या खोलीत जमिनीवर काहीही नसायचं. पिशव्या, बादली, छत्री, चपलासुद्धा खिळ्याला टांगलेल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला त्याने मला न विचारता चुन्याचा पट्टा ओढला. दारातून आत येताना दोन्ही हात चौकटीला लावायचा, माप घेतल्यासारखे. बोलताना मान कोंबडीसारखी इकडून तिकडे फिरायची. स्कूटर विकून टाकलेली. दिवेलागणीच्या आधी घरी, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. फाटक वाजलं की वरून आवाज यायचा, "काकू, किती जण आहेत?" कोण आहे असं त्याने कधी विचारलं नाही.

"एकच हाय. गॅसवाला."

"बाजूले कोणी नाही ना?"

एकदा मी चहा घेऊन वर गेले तर त्याच्या हातून काचेची बरणी सुटली. काचा गोळा करताना म्हणाला, "काकू, येताना खोकत येत जा."

"माह्याच घरात मी खोकत येऊ?"

"बाजूनं माणूस एकदम उगवला की जीव जाते माहा."

उगवला, असं म्हणायचा. माणूस येतो तसा त्याच्याकडे कोणी येत नसे, उगवायचाच.

शेवटी मी तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमच्या मागे कोणी लागलं हाय का?" त्याने खरोखर मागे वळून पाहिलं. मग हसला, पण मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मी उशाशी मुसळ ठेवून झोपत होते.

गल्लीत एक बातमी होती की तो आधी लग्नांचे फोटो काढायचा, आणि एका लग्नात घरच्या मंडळींच्या फोटोतून त्याने नवरदेवाची आईच वगळली. ती रांगेच्या टोकाला उभी होती. फोटोत तिच्या पदराचा काठ तेवढा आला. पोरांनी त्याला दारुड्या म्हणून मांडवातून हाकललं. पण माझ्या घरी त्याच्या तोंडाला कधी वास आला नाही. मग शुद्धीतला माणूस नवरदेवाच्या आईला कसा विसरतो, हे मला अजूनच भीतीचं वाटलं.

लग्नं सुटल्यावर तो खोल्यांचे फोटो काढायला लागला. मंगल कार्यालय, दवाखाना, भाड्याने द्यायचे फ्लॅट. लोक मोबाइलवर फोटो पाहून येतात, म्हणून मालकांना ते लागतात. तिथूनच ती लेन्स त्याच्या डोक्यात शिरली.

त्याचा कॅमेरा नव्या पद्धतीचा होता, आत आरसा नसलेला, हातात हलका. त्याला फिशआय लेन्स लावायची होती. रोज जेवताना मोबाइलवर तेच पाहायचा आणि मला सांगायचा. "काकू, ही लेन्स दारात उभी राहून अख्खी खोली पाहते. डावी भिंत, उजवी भिंत, छत, आपले पाय, सगळं एका फोटोत. रेघा वाकतात तेवढ्या. मधून जाणारी रेघ फक्त सरळ राहते."

"मग ते वाकडं घर घेईन कोण?"

"वाकडं का होईना. सुटत तर काही नाही."

कंपनीची घ्यावी तर कॅमेऱ्याहून महाग. म्हणून आधी त्याने एक स्वस्तातलं भिंग मागवलं, साध्या लेन्सच्या तोंडावर फिरकीने बसणारं. त्याचे फोटो मधे बरे आणि कडेला तुपात बुडवल्यासारखे यायचे. ते त्याने रागाने कचऱ्यात टाकलं. मग समजलं की चिनी बनावटीच्या स्वस्त लेन्सही मिळतात. त्यांत मोटर नाही, तार नाही, सगळं हाताने फिरवायचं. त्याला ते चालत होतं, कारण या लेन्समध्ये हातभर अंतरापासून पुढचं सगळं स्पष्टच येतं, फिरवायचं फार काम नसतं. त्यांतही दोन जाती. एक थाळीसारखं गोल चित्र देते, भोवती काळं. दुसरी पूर्ण चौकट भरते. गिऱ्हाइकांना चौकट लागते, म्हणून दुसरी. ती त्याच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारी हवी, आणि वापरलेली असेल तर आत बुरशी नको. एवढं सगळं मला चौथी शिकलेल्या बाईला पाठ झालं, यावरून तो किती बोलत असेल ते समजा.

लेन्स कशी पारखायची हे सांगताना त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मधलं सगळ्यांचंच चांगलं असते, काकू. कोपरे पाहा."

आणि दुसरी एक खोड होती, जिचा मला खरा धाक बसला होता. संध्याकाळी चहा झाला की म्हणायचा, "काकू, त्या बल्बकडे पाहा. मान हलवू नका, डोळा हलवू नका. आता सांगा, बाजूले काय काय दिसते."

"इकडे फ्रिज. तिकडे दार. दारात मांजर."

"मांजरही दिसते?"

"न दिसाले काय झालं?"

तो कप खाली ठेवायचा. रोज तोच प्रश्न. मला वाटायला लागलं की हा काही करणी करून राहिला आहे. मांजराला मी त्या वेळी आत घेणं बंद केलं.

अकोल्यात एकाजवळ ती लेन्स जुनी मिळत होती. भाऊ म्हणाला, "काकू, चला माह्यासंग. चार डोळे बरे." मला घराबाहेर पडून बरेच दिवस झाले होते, म्हणून गेले. बस स्टँडवर त्याने माझ्या पिशवीचा बंद धरला तो अकोल्यापर्यंत सोडला नाही. तिथे रस्ता ओलांडताना एक ऑटो उजवीकडून आला. मला दिसला, सगळ्यांना दिसला, भाऊ सरळ चालत राहिला. मी दंड धरून मागे ओढला. ऑटोवाला शिव्या देत गेला आणि भाऊ मलाच विचारत होता, "कुठून उगवला हा?" त्याची बहीण अकोल्यातच राहते. मी म्हटलं तिच्याकडे पाणी तरी पिऊ. म्हणाला, "आज नको."

विकणारा जुन्या शहरातला. आधी फोटोचा धंदा करायचा, आता घराखालीच किराणा दुकान. त्याने आम्हाला गच्चीवर नेलं, तिथे विटांची उघडी भिंत होती. गच्चीवर खाटेवर त्याची आई वाती वळत बसली होती. मी तिला राम राम केला, तिने माझं गाव विचारलं. दर्यापूरकडचं म्हटल्यावर ती खूश झाली, तिची भावजय तिकडचीच.

लेन्स लिंबाएवढी होती. पुढची काच म्हशीच्या डोळ्यासारखी फुगलेली, आत जांभळी झाक. भाऊने ती कॅमेऱ्याला बसवली आणि कॅमेऱ्याने फोटो काढायला नकार दिला. लेन्स लावलेली नाही, असं त्याच्यावर लिहून आलं.

"लावलेली वस्तू याले दिसत नाही का?" मी म्हटलं.

"हिच्यात तार नाही ना, मावशी," विकणारा म्हणाला. "म्हणून त्याले वाटते काही नाही. सेटिंगमधे सांगा लागते, नसली तरी काढ म्हणून."

भाऊने ते केलं. विटांच्या भिंतीचे फोटो काढले, मोठे करून चारही कोपरे पाहिले, काचेतून उजेडाकडे पाहिलं. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. "काकू, कॅमेऱ्याच्या या खिडकीले उजवा डोळा लावा. डावा बंद. भिंतीवरच्या नळाकडे पाहा. डोळा हलवू नका. बाजूले काय दिसते?"

तोच बल्बचा खेळ. मी याआधी त्याच्या कॅमेऱ्याला कधी हात लावला नव्हता. डोळा लावला. "भिंत. टाकी. तारेवर कपडे. विकणाऱ्याचं पोट." विकणारा हसला.

"आणि डावीकडे?"

"डावीकडे काही नाही. रिकामी गच्ची."

"काहीच नाही?"

"सांगतलं ना, काही नाही."

तेवढ्यात त्या बाजूनेच आवाज आला, "अवं बाई, मी काय मेली का? आत्ताच त बोलली माह्यासंग."

मी कॅमेरा खाली घेतला. म्हातारी खाटेवर होती तिथेच होती, मांडीवर कापूस. मी म्हटलं, "तुमी उठून गेल्ता." ती म्हणाली, "गुडघे कोणाचे हायेत उठाले?" भाऊने मला पुन्हा पाहायला लावलं, पुन्हा गच्ची रिकामी. मग डावा डोळा लावायला सांगितला, तर म्हातारी खाटेसकट हजर, माझ्याकडे पाहत वात वळून राहिली.

भाऊचं तोंड उतरलं. भाव करायला आलेला माणूस, विकणाऱ्याने सांगितली ती किंमत देऊन मोकळा झाला. म्हातारीने मुलाला विचारलेलं मला जिन्यात ऐकू आलं, "तिले दिसत नाही का रे?"

परतताना मूर्तिजापूर आलं. स्टँडवर बस थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा खिडकीकडे पाहत म्हणाला, "काकू, मलेही असंच झालं होतं."

"काय झालं होतं?"

"कॅमेऱ्यातून पाहताना टोकाची माणसं नसायची. मले वाटे सरकून राहिले. नवरदेवाची आई तशीच गेली. काचबिंदू आहे मले, दोन्ही डोळ्यांत. बाजू गेल्या. आता नळीतून पाहिल्यावानी दिसते. मधलं चांगलं दिसते. त्याच्याचनं तर कळत नाही."

मग खोकणं, चुन्याचे पट्टे, गडवा, सगळं एकदम जागेवर बसलं. बल्बही. शाबूत माणसाला किती दिसतं ते तो माझ्यावरून मोजत होता, आणि दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे माझा एक दुसऱ्याचं झाकून घेत होता.

"दवा?"

"एकदा गेलो होतो. थेंब दिले, दर काही महिन्यांनी मशीनवर तपासा म्हटलं. त्या मशीनचं भेव वाटलं. गेलो नाही. काम देणाऱ्यांना समजलं तर फोटो कोण काढाले देईन? ही लेन्स सगळं मधे गोळा करून देते. वाटलं, निभून जाईन."

"माहा मोतीबिंदू काढला हाय," मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगतलं, आता डोळ्याची फिकीर नाही." आमच्याकडे सगळे असंच समजतात. मोतीबिंदू काढला की डोळ्याचं खातं संपलं.

"तो पडदा होता. हे मागच्या नसेचं आहे. गेलं ते येत नाही, काकू. राहिलं ते ठेवा लागते."

माझा बाप गावात आंधळा झाला होता. ओट्यावर बसून असायचा. त्याच्या ताटातली भाजी माझी चुलती काढून घ्यायची, आणि ते मी लहानपणी समोर बसून पाहिलेलं आहे. तो विचारायचा, आज भाजी नाही का? ती म्हणायची, नाही. मला दुसऱ्या कशाची भीती नाही. साप मी मारलेले आहेत. पण ते ताट त्या बसमध्ये माझ्या समोर आलं ते अमरावतीपर्यंत हललं नाही.

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, "खोली खाली करा."

"करतो," तो म्हणाला. "पण आधी तुमच्या डोळ्याचं करा."

त्याने खोली खाली केली नाही आणि मी डॉक्टरकडे गेले नाही. मुलालाही फोनवर काही बोलले नाही. सगळं दिसतच होतं. तांदळातला खडा दिसत होता, सुई ओवता येत होती. माणूस घाबरला की स्वतःला असे पुरावे देत बसतो. भाऊ दोनदा बोलला, तिसऱ्यांदा मी त्याला ताटावरून उठवलं.

मग त्याने एक केलं. लेन्स आणल्यावर पहिला फोटो त्याने माझ्या स्वयंपाकघराचा काढला होता. छत वाकलेलं, ओटा धनुष्यासारखा, आणि मधोमध मी, हातात उलथणं, तोंड रागाचं. तो फोटो त्याने वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा करून आणला आणि ओट्यासमोरच्या भिंतीला लावला. फोटोजवळ खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला गाठ.

"माहा फोटो भिंतीवर लावला? हार कधी आणता?"

"गाठ नाकाले लावा म्हणजे अंतर रोज सारखं राहीन. डावा डोळा झाका. फोटोतल्या आपल्याच नाकाकडे पाहा. डावीकडे मिठाची बरणी आहे, तिच्या पलीकडे दुधाचं पातेलं. पातेलं दिसलं तर मी उद्या सामान काढतो." एवढं बोलून तो भातकुलीला एका मंगल कार्यालयाच्या कामावर निघून गेला.

मी दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून कामं केली. दुपारी दूध तापवलं, उतरवलं. मग गाठ नाकाला लावली.

फोटोत पातेलं नव्हतं. मला वाटलं होतं काळा डाग दिसेल, धुकं दिसेल, काहीतरी दिसेल. तसं काही नाही. जिथे पातेलं असायला हवं तिथे भिंत होती, स्वच्छ, जणू या घरात कधी दूध तापलंच नाही. डावा डोळा उघडला, पातेलं आलं. झाकला, गेलं. मी खाली बसले. भाऊ घरी आला तेव्हाही मी तिथेच बसलेली होते. दारात येऊन तो खोकला.

"मीच आहे, काकू. एकटाच."

दवाखान्यात डोळ्यांचं ते मशीन म्हणजे एक पांढरी परात असते. तिच्यात तोंड घालून मधे पाहायचं, कडेला बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. भाऊ बाहेरच्या बाकावर कोपरा धरून बसला. म्हणाला, "मी कशाले? मले माहीत आहे काय निघणार."

"माहीत हाय त मग भेता कशाले? आधी मी बसते, मग तुमी."

आत बसल्यावर मला त्याची भीती समजली. दिवा न दिसणं आणि दिवा न लागणं हे आतून अगदी सारखंच असतं. काही दिसत नसलं की वाटतं, मशीन थांबलं असेल.

नंतर त्याला बसवलं. मी मागे उभी होते. मला त्याचा अंगठा दिसत होता, बटणावर ठेवलेला. मशीन बारीक आवाज करत चाललेलं होतं आणि अंगठा हलत नव्हता. मधेच एकदा हलला. मग पुन्हा बराच वेळ नाही. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, दाब की रे. पाठ करून बसलेल्या माणसाचा एवढा धसका मी कधी घेतला नव्हता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती पण स्पष्ट बोलणारी. माझा एक डोळा कडेने गेलेला, दुसरा चांगला. त्याचे दोन्ही फार पुढे गेलेले. दोघांना थेंब एकच. रोज संध्याकाळी, चुकवायचं नाही.

मी थेंब टाकले की काठीने छत ठोकायचे, तो वरून पाय आपटायचा. कधी पाय वाजायला उशीर झाला की मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. मुसळ तोवर परत स्वयंपाकघरात गेलं होतं.

त्या लेन्सवर त्याने बरंच काम केलं. पुढे पुढे तो रस्त्यानेही कॅमेरा छातीशी धरून चालायला लागला, मान खाली, नजर कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चित्रावर. सगळा चौक त्या तळहाताएवढ्या काचेत गोळा व्हायचा आणि तो त्यात पाहून पाऊल टाकायचा. पोरं हसायची. मी त्याला सांगत होते की त्या काचेत जवळचं लांब दिसते, मार खाल. एकदा दिवे लागले तरी आला नाही. मी फाटकात उभी होते. मग भिंतीला हात लावत आला, गुडघा फुटलेला, विजार फाटलेली, कॅमेरा पोटाशी. नालीत गेला होता. लेन्सच्या फुगीर काचेवर मधोमध चरा पडला होता.

"कोपरे शाबूत आहेत," म्हणाला. मी त्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि त्याच्याच मोबाइलवरून त्याच्या बहिणीला फोन केला. तो नको नको म्हणत होता. ती दुसऱ्या दिवशी येऊन त्याला अकोल्याला घेऊन गेली. जाताना त्याने जिन्याचे चुन्याचे पट्टे पुन्हा ओढून दिले. म्हणाला, तुम्हाले लागतील.

वरची खोली आता रिकामी आहे. संध्याकाळी त्याचा फोन येतो.

"टाकलं?"

"टाकलं. तुमी?"

"टाकलं."

फोन बंद. याच्या पलीकडे आम्ही बोलत नाही.

फोटो अजून भिंतीवर आहे. रोज पाहायची माझी हिंमत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी दोऱ्याची गाठ नाकाला लावते. पातेलं नसतंच, ते मी सोडून दिलं आहे. मी मिठाची बरणी पाहते. बरणी आहे तोवर माझं ताट माझ्या हातात आहे.

या महिन्यात बरणी होती. झाकण होतं की नाही, ते मला नक्की सांगता येईना. तीन-चार वेळा डोळा उघडून झाकून पाहिलं. मग दोरा सोडून दिला.

संध्याकाळी फोन आला. टाकलं, टाकलं झालं. मी फोन ठेवला नाही.

"भाऊ, झाकण दिसत नाही वाटते."

तिकडे त्याच्या बहिणीच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"उद्या जाऊन मशीनवर बसा," तो म्हणाला. "मी येतो पहिल्या बसनं. बहिणीले घेऊन येतो, एकटा नाही येत."

"आणि तुमचं? तुमचं काय दिसते?"

"मधलं आहे अजून," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.